शेषेराव टेकाळे यांचा प्रश्न

लातूरच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शेषेराव टेकाळे नावाचे गृहस्थ काम करत. मूळचे कंधार तालुक्यातले. बी.कॉम. झाले, मागाहून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली, आणि ज्या वयात माणसं निवृत्तीचे बेत आखू लागतात त्या वयातही कंत्राटीच राहिले. दर जूनला नेमणुकीचा नवा आदेश निघे, एप्रिलअखेर तो संपे. मे महिना ते घरी बसून काढत आणि शेजाऱ्यांना सांगत, "कॉलेजला सुट्टी हाय."

माणूस टापटिपीचा. टेबलावरच्या पेन्सिलींची टोकं एका बाजूला. कपाटातली पुस्तकं बोटभरही पुढंमागं नाहीत. शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून ते खुर्चीला पाठ टेकवत नसत. मुलं त्यांना सर म्हणत, प्राध्यापक 'अहो टेकाळे' म्हणत, आणि संस्थेचे अध्यक्ष सिद्रामप्पा काहीच म्हणत नसत. ते हाताने खुणावत.

शेजारच्या टेबलावर पंचशीला हनवते बसायची. तीही कंत्राटी. लोहा तालुक्यातलं बौद्ध कुटुंब. वडील साहेबराव सडकेच्या कामावर मजूर होते. लेक शिकली, लातूरला आली, खोली करून एकटी राहू लागली. शेषेरावांपेक्षा ती चांगली पंधरा-सोळा वर्षांनी लहान. ती त्यांना भाऊ म्हणे, ते तिला ताई म्हणत.

ग्रंथालयात संगणक आला तेव्हा शेषेरावांना त्याची धास्ती वाटली होती. प्रबंधांची, लेखांची सूची पडद्यावर दिसायची. पण हवं ते सापडायचं नाही. एकदा ते बराच वेळ झगडत बसलेले पाहून पंचशीला खुर्ची ओढून जवळ आली.

"भाऊ, तुम्ही 'विहीर' टाकून राहिले. मग विहीरच येणार ना. विहिरींचा सर्व्हे, विहिरीचं पाणी, ते कुठून येईल?"

"मग काय, एकेक शब्द टाकत बसू?"

"न्हाई. नुसतं 'विह' लिहा अन् पुढं ही आठाच्या डोक्यावरची चांदणी मारा. चांदणी म्हंजे पुढं काहीबी असू दे."

त्यांनी चांदणी मारली आणि पडदा भरून गेला. विहीर आली, विहिरी आल्या, विहिरींचे सगळे अहवाल आले. मधेच कुणाचा तरी वेरुळच्या विहारांवरचा प्रबंधही आला.

"हे कुठून घुसलं?" शेषेराव म्हणाले.

"आमचे लोक हायत ते," पंचशीला हसली. "न बोलावता येतेत. बसू द्या कोपऱ्यात."

शेषेरावही हसले. त्या दिवशी तिने त्यांना सगळं शिकवलं. आपल्या भाषेत शब्द एका जागी उभा राहत नाही. प्रत्यय लागला की त्याचं रूप पालटतं. म्हणून शब्द कुठं तोडायचा ते कळलं पाहिजे. फार आखूड तोडला तर सगळं गाव गोळा होतं, फार लांब ठेवला तर कुणीच येत नाही. कुणी रझाकार लिहितं, कुणी रजाकार. तिथं त्या एका अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकायचं. आणि एकाच गोष्टीला लोक चार नावं देतात, तर चारही नावांनी हाका मारून पाहायच्या. शेषेरावांनी हे मन लावून शिकून घेतलं, आणि त्यात ते तरबेज झाले. पण नांदेड-अहमदपूरहून येणारी संशोधक मंडळी दारातून विचारत यायची ती "हनवते मॅडम आहेत का?" असंच. शेषेराव बोटाने शेजारचं टेबल दाखवत.

मग तो दुष्काळ आला. लातूरच्या नळांना पंधरवडा-पंधरवडा पाणी नाही, पुढं पुढं महिना नाही. पंचशीलाच्या खोलीजवळचं एक बोअर मात्र अजून चालू होतं. ती एक दिवसाआड दोन कॅन भरून ठेवायची आणि ग्रंथालयाचा कंत्राटी शिपाई नरसिंग ते सायकलला अडकवून शेषेरावांच्या घरी पोचवायचा.

"कुणाकडचं पाणी हाय?" शेषेरावांच्या आईने, पार्वतीबाईंनी, पहिल्या दिवशीच विचारलं.

"कॉलेजातल्या बाईंचं."

"कोण बाई? आडनाव काय?"

शेषेरावांनी आडनाव सांगितलं. पार्वतीबाईंनी कॅन उचलून न्हाणीत नेऊन ठेवले. प्यायला विकतचा जार यायचा. हनवत्यांचं पाणी भांड्यांना आणि अंघोळीला.

"आईंना जड लागत न्हाई ना पाणी?" पंचशीलाने एकदा विचारलं. "बोअरचं हाय, म्हणून म्हटलं."

"छे, छे. लई गोड हाय म्हणती," शेषेराव म्हणाले.

जानेवारी लागला आणि जारवाला येईनासा झाला. तेव्हा पार्वतीबाईंनी तेच पाणी फडक्याने गाळून मुकाट्याने माठात ओतलं. शेषेरावांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्याच सुमारास, बऱ्याच वर्षांची भरतीबंदी उठून ग्रंथालयाला एक कायम जागा मंजूर झाली. ग्रंथालय अधीक्षक. सिद्रामप्पांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले नाहीत.

"जागा एक, तुम्ही दोघं. मुलाखत मार्चअखेर. हनवते, तुमचं ते पीएच.डी. तवर हातात पडलं तर जागा तुमची. न्हाई पडलं तर टेकाळे, तुमची नोकरी जास्त झाली, जागा तुमची. माझ्याकडं तिसरी भानगड न्हाई. निघा."

बाहेर आल्यावर पंचशीला म्हणाली, "भाऊ, तुम्हाला वाईट तर वाटंना?"

"यात वाईट काय, ताई? तू मेहनत केली."

तिचा प्रबंध दाखल झालेला होता, परीक्षकांचे अहवाल चांगले आलेले होते. राहिली होती फक्त तोंडी परीक्षा, आणि ती मुलाखतीच्या आठवडाभर आधी ठरली होती. म्हणजे जागा तिचीच. शेषेरावांना हे कळत होतं. आपल्याला आता दुसरी संधी नाही हेही कळत होतं. रात्री जेवताना ते बायकोला, सिंधूला, म्हणाले, "त्या लोकांना काय, कुठंबी सवलतीत लागतंय. आपलं तसं न्हाई." जागा खुल्या वर्गातली होती, तिच्यात सवलत कसलीच नव्हती. हे शेषेरावांना पक्कं ठाऊक होतं. तरी तो विचार त्यांनी मनातून काढून टाकला नाही. तो सोयीचा होता.

पंचशीलाचा विषय लातूर जिल्ह्याच्या जन्माशी जोडलेला होता. उस्मानाबादेतून लातूर वेगळा झाला तेव्हा बहात्तरच्या दुष्काळातल्या कामांची कागदपत्रं दोन जिल्ह्यांत फाटली. काही तिकडं राहिली, काही इकडं आली, काही दोन्हीकडं नाहीत. त्यांची एकत्र सूची तिने तालुक्या-तालुक्यांची कपाटं धुंडाळून केली होती. त्यात उदगीरचा वेगळा जिल्हा होणार अशी आवई पुन्हा उठलेली, त्यामुळे सगळे म्हणत, विषय अगदी वेळेवर आलाय.

फेब्रुवारीतली गोष्ट. पंचशीला रजेवर होती. अहमदपूरचा एक प्राध्यापक पावसाच्या आकडेवारीसाठी आला. शेषेरावांनी 'दुष्काळ'ला चांदणी लावून पाहिलं, 'टंचाई'ला लावून पाहिलं. मग चारही नावांनी हाका मारायच्या म्हणून 'अवर्ष' लिहून चांदणी मारली. विद्यापीठाच्या सूचीतून एक जुनं शीर्षक वर आलं. उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन आणि अवर्षणविषयक अभिलेख. साल नव्वदच्या दशकाच्या अखेरचं.

शेषेरावांनी प्राध्यापकाला त्याचे कागद देऊन वाटेला लावलं आणि परत येऊन ती ओळ वाचली. हा तर पंचशीलाचाच विषय. तिच्या प्रबंधात मात्र स्वच्छ लिहिलेलं होतं की पूर्वी या विषयावर नोंदणी झालेली नाही. ते खोटं नव्हतं. तिने नोंदणी केली तेव्हा सूचीत जुनी वर्षं भरलेलीच नव्हती. ती पुढं भरली गेली. दुसऱ्यांचे शोध रोज घेणाऱ्या पंचशीलाने स्वतःचा शोध पुन्हा घेतला नव्हता, एवढंच.

नीटनेटका माणूस अर्धवट माहितीवर थांबत नाही. शेषेरावांनी विद्यापीठाच्या नोंदणी विभागात फोन लावला. तिथल्या कारकुनाने जुनं दप्तर पाहून सांगितलं, "नाव नोंदवलं होतं त्या माणसानं, पण पुढं काहीच केलं न्हाई. जिल्हा परिषदेत नोकरी लागली, विषय सोडला. नोंदणी रद्द झाली. प्रबंध न्हाईच."

म्हणजे काहीच नव्हतं. नुसती एक ओळ होती, तिच्यामागं एकही पान नव्हतं. पंचशीलाला एका वाक्यात सांगितलं असतं तर एका वाक्यात तिने प्रबंधाला दुरुस्ती जोडली असती. दुसऱ्या दिवशी ती रजेवरून आली.

"काय विशेष भाऊ?"

"काही न्हाई. एक प्राध्यापक आला होता, देऊन टाकलं त्याला."

खुल्या तोंडी परीक्षेत हॉलमधला कुणीही प्रश्न विचारू शकतो, असा नियम आहे. आणि कुणीही मनाचा प्रश्न विचारायचा नाही, असा रिवाज आहे. मार्गदर्शक आधीच तीन-चार ओळखीच्या माणसांना प्रश्न वाटून देतात, उमेदवार उत्तरं पाठ करतो, टाळ्या पडतात, मग जेवण. पंचशीलाचे मार्गदर्शक डॉ. गुरुबसप्पा भिडस्त गृहस्थ होते. त्यांनी फोनवरून शेषेरावांना सांगितलं, "टेकाळे, तुम्ही एवढंच विचारा, या संशोधनाचा सामान्य वाचकाला काय उपयोग."

"विचारतो सर," शेषेराव म्हणाले.

नांदेडला ते दोघं एकाच एस.टी.ने निघाले. अहमदपूर येईतो पंचशीलाने उत्तर दोनदा म्हणून दाखवलं. "भाऊ, जास्त भरभर होतंय का?" "न्हाई, बरोबर हाय." लोह्याला तिचे आईवडील गाडीत चढले. साहेबरावांनी पांढरंशुभ्र धोतर नेसलं होतं. सुमनबाईंच्या मांडीवर हारांची पिशवी होती. शेषेरावांनी उठून म्हाताऱ्याला खिडकीची जागा दिली.

विद्यापीठातला हॉल भरलेला होता. पंचशीला छान बोलली. बाहेरगावचे परीक्षक मान डोलवत होते. पहिले दोन प्रश्न झाले, पाठ उत्तरं झाली. गुरुबसप्पांनी शेषेरावांकडे पाहून मान हलवली. शेषेराव उठले आणि शर्ट खाली ओढून सरळ उभे राहिले.

"हनवते मॅडम," ते म्हणाले. आजवर त्यांनी तिला मॅडम म्हटलं नव्हतं. "आपण लिहिलंय की या विषयावर पूर्वी नोंदणी नाही. याच विद्यापीठाच्या सूचीत तशी नोंद आहे. ती आपण का वगळली?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. गुरुबसप्पा हसले; त्यांना वाटलं, टेकाळे प्रश्न विसरले.

"कुठं आहे नोंद?" परीक्षकांनी विचारलं.

"मॅडमच दाखवतील. 'अवर्ष' लिहून चांदणी मारायची."

संगणक पंचशीलाच्याच पुढ्यात होता. तिनेच ते अक्षर अक्षर टाईप केलं, तिनेच चांदणी मारली. पाठीमागच्या भिंतीवर ती ओळ हातभर अक्षरांत उमटली. पंचशीलाने वळून वाचली आणि ती तशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"सर, ही जुनी वर्षं नंतर भरलीत," ती शेवटी म्हणाली. "मी नोंदणी केली तेव्हा..."

"मग नंतर बघायला काय झालं होतं?" परीक्षक म्हणाले. "तुम्ही ग्रंथालयातच बसता ना?"

मागच्या बाजूला कुणीतरी हसलं.

शनिवार दुपार होती, नोंदणी विभाग बंद झालेला. 'तो प्रबंध पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही' असं म्हणून परीक्षकांनी बॅग उचलली. त्यांच्या गाडीची वेळ झाली होती. निकाल राखून ठेवल्याचं जाहीर झालं. शेषेराव खाली बसले. एक वाक्य बोलले असते तर अजूनही सगळं मिटलं असतं. ते वाक्य त्यांना पाठ होतं, कारकुनाच्या शब्दांत. त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि रुमालाची पुन्हा चौकोनी घडी घातली.

स्वयंपाक झालेला होता, म्हणून पंगत बसली. लोक जेवले. साहेबराव शेषेरावांच्या शेजारी बसले.

"ते मोठे साहेब न जेवता का गेले?" त्यांनी हळूच विचारलं.

"गाडी होती त्यांची."

"बरं. मग झाली का आमची पंची डॉक्टर?"

"कागदाचं थोडं राहिलंय. होईल."

"तुम्ही होता म्हणून जिवाला आधार. भाऊ भाऊ करून तुमचंच नाव घेती ती घरी." म्हाताऱ्याने वाढप्याला हाक मारली. "ए पोरा, इकडं बुंदी आण. साहेबांना वाढ."

शेषेरावांनी बुंदी वाढून घेतली.

परतीच्या गाडीतून लोह्याला आईवडिलांबरोबर उतरताना पंचशीलाने विचारलं, "भाऊ, ते तुम्हाला कधी दिसलं?"

"परवाच."

"मला सांगायचं होतं की."

"मला वाटलं, तुला ठाऊक असंल."

मुलाखतीला दोघंही होते. सिद्रामप्पांनी पंचशीलाला विचारलं, "पडलं का हातात?" ती नाही म्हणाली. "मग झालं," असं म्हणून त्यांनी हाताने तिला बाहेर जायला खुणावलं. शेषेराव टेकाळे ग्रंथालय अधीक्षक झाले. घरी पार्वतीबाईंनी लेकाची दृष्ट काढली.

पंधरा-वीस दिवसांनी विद्यापीठाने कळवलं की ती जुनी नोंदणी रद्द झालेली होती, हरकत राहत नाही. पंचशीलाला पदवी जाहीर झाली. ती पेढे घेऊन आली. नरसिंगला दिले, मुलांना दिले, शेवटी अधीक्षकांच्या टेबलापाशी आली.

"घ्या सर."

"अरे वा. अभिनंदन, अभिनंदन."

त्यांनी पेढा तोंडात टाकेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "नोंदणी विभागातला कारकून भेटला. म्हणाला, फेब्रुवारीतच लातूरच्या एका टेकाळे सरांनी हेच विचारलं होतं. त्यांना सांगितलं होतं मी, रद्द हाय म्हणून."

शेषेराव पेढा चघळत राहिले.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"मग?"

"जागा एक होती, ताई."

"ताई म्हणू नका," ती म्हणाली, आणि डबा बंद करून आपल्या टेबलावर जाऊन बसली.

कॅन बंद झाले. शेषेराव पहाटे घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभे राहू लागले. पण त्याचा त्यांना फारसा त्रास झाला नाही. त्रास होई तो शेजारच्या टेबलाचा. पंचशीला वेळेवर यायची, काम करायची, सर म्हणायची. दारातून येणारे अजूनही तिलाच विचारत यायचे. फक्त आता 'डॉक्टर मॅडम आहेत का' म्हणायचे. ती चढ्या आवाजात एक शब्द बोलली असती तर शेषेरावांना बरं वाटलं असतं. ती बोलत नव्हती.

जूनमध्ये सिद्रामप्पांनी त्यांना बोलावलं. आता ते बसा म्हणायचे. "दुष्काळानं पोरं घटली. ग्रंथालयात कंत्राटी एकच ठेवता येईल. नरसिंग का हनवते, तुम्ही ठरवा. अधीक्षक तुम्ही."

"नरसिंग," शेषेराव म्हणाले. त्यांना विचार करायला वेळ लागला नाही, याचं त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

"ती जास्त शिकलेली हाय."

"म्हणूनच म्हणतो, साहेब. तिला कुठंबी लागंल."

नेमणुकीच्या नव्या आदेशात एकट्या नरसिंगचं नाव होतं. पंचशीलाने तो वाचला आणि दुसऱ्या दिवशी अनुभवाचा दाखला मागितला. शेषेरावांनी तो स्वतः लिहिला, सुवाच्य अक्षरात. तिने उभ्या उभ्या वाचला.

"सर, कामात नुसती पुस्तकांची देवघेव लिहिलीय. संशोधकांसाठी शोध घेत होते, ते न्हाई यात."

"ते आदेशात नव्हतं."

"पण सगळी वर्षं तेच केलं मी."

"केलं असेल. आदेशात आहे तेवढंच लिहिता येतं, मॅडम. नियम आहे."

शेषेरावांनी शिक्का मारला. नीट उमटला नाही म्हणून शाई लावून पुन्हा मारला, पहिल्यावर बरोबर बसेल असा. पंचशीलाने कागद घेतला, ड्रॉवरमधला चष्मा आणि डबा पिशवीत टाकला आणि दारापाशी जाऊन उन्हासाठी डोक्याला ओढणी बांधू लागली.

तेवढ्यात एक मुलगी तिच्या अंगावरून आत आली. नांदेडहून आली होती, घामाघूम. टेबलापाशी येऊन तिने विचारलं, "सर, हनवते मॅडम कोण?"

पंचशीला दारातच होती. ओढणीची गाठ अजून बसली नव्हती.

"त्या आता इथं नसतात," शेषेराव म्हणाले. "बसा. विषय सांगा."